कुलपाची रचना चोराला दाखवायची का?

प्रश्न : सांगलीला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. भाचा मागे लागलाय, की व्हॉट्सॲप, क्रोम वगैरे सोडा आणि ओपन सोर्स वापरा, म्हणजे तुमची माहिती तुमच्यापाशी राहील. ओपन सोर्स म्हणजे काय विचारलं तर म्हणतो, प्रोग्रॅम आतून कसा लिहिलाय ते कुणालाही वाचता येतं. मी जन्मभर कुलपं विकली. आतली रचना सगळ्यांना दाखवली तर चोरही येऊन बघून जाईल. मग हे जास्त सुरक्षित कसं?

तुमच्याच दुकानातून पुढे जाऊ. एकाच बनावटीची शंभर कुलपं तुम्ही शंभर घरांना विकता. त्यातलं एक विकत घेऊन घरी खोलून बघायला चोराला कोण अडवतं? तो बघतोच. तरी उरलेली नव्याण्णव घरं शाबूत राहतात, कारण प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी. ज्या कुलपाची सगळी भिस्त ‘आत काय आहे ते कुणाला ठाऊक नाही’ यावर, ते तुम्ही स्वतःच्या घराला लावणार नाही.

हे एका भाषाशिक्षकानं संगणक येण्याच्या कितीतरी आधी, १८८३ मध्ये लिहून ठेवलंय. ऑग्युस्त केर्कहॉफ्स जन्मानं डच, पॅरिसमध्ये जर्मन शिकवायचे. लष्करी सांकेतिक लेखनावरच्या त्यांच्या लेखात एक अट होती : पद्धत गुप्त ठेवण्याची गरज पडू नये, ती शत्रूच्या हाती लागली तरी बिघडता कामा नये. जपायची ती फक्त किल्ली. आजचं सगळं कूटलेखन याच अटीवर चालतं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेनं नव्या कूटपद्धतीसाठी जगभरातून जाहीर प्रस्ताव मागवले. पंधरा पद्धती स्पर्धेत आल्या आणि मग जगभरच्या गणितज्ञांना सांगण्यात आलं, की फोडा बघू. त्यातून टिकून राहिलेली, दोन बेल्जियन तज्ज्ञांची पद्धत २००१ मध्ये ‘एईएस’ नावानं मानक झाली. तिची रचना कुणालाही वाचायला मिळते आणि बँकांपासून लष्करांपर्यंत सगळे तीच वापरतात.

चोराचं झालं. पण तुमचा भाचा बहुधा चोराबद्दल बोलतच नाहीये. त्याचा मुद्दा आहे कुलूप बनवणाऱ्याबद्दल. फोनमधलं ॲप तुमची कोणती माहिती उचलतं, कुठे पाठवतं, हे बंदिस्त प्रोग्रॅममध्ये फक्त कंपनी सांगेल तेवढंच कळतं, आणि कंपनी ते तीस पानांच्या धोरणात सांगते. प्रोग्रॅम खुला असला की ते धोरण आणि प्रत्यक्ष वागणं ताडून बघता येतं. तुम्हाला-मला ते वाचता येणार नाही, हे खरं. पण ज्यांना येतं आणि ज्यांचा कंपनीशी काही संबंध नाही, अशा माणसांना तर येतं.

‘सिग्नल’ या निरोपांच्या ॲपचं उदाहरण बघा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका ग्रँड ज्युरीनं सिग्नलकडे दोन फोन नंबरांची माहिती मागितली. त्यांना देता आलं ते एवढंच : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. निरोप नाहीत, संपर्क नाहीत, ग्रुप नाहीत. सिग्नलनं हे जपून ठेवलेलंच नव्हतं. अशी रचना केल्याचं ते आधीपासून सांगत होते, प्रोग्रॅमही खुला होता. कोर्टाच्या कागदावर त्यावर शिक्कामोर्तब झालं.

आता दुसरी बाजू, जी भाच्यानं सांगितली नसेल. वाचायला सगळ्यांना मोकळीक आहे म्हणून सगळे वाचतातच असं नाही. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीला आला. तो होता ओपन-एसएसएल या खुल्या प्रोग्रॅममध्ये, ज्याच्या भरवशावर जगातल्या संकेतस्थळांचा मोठा हिस्सा आपली देवाणघेवाण झाकतो. दोष दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होता. मग चौकशी झाली तेव्हा कळलं, की एवढा भार वाहणाऱ्या या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २००० डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता.

त्याहून रंजक, आणि थोडी भीतिदायक, गोष्ट २०२४ ची. ‘एक्सझेड’ हा फायली दाबून लहान करणारा एक छोटा प्रकल्प. सांभाळणारा जवळजवळ एकटा, बिनपगारी आणि थकलेला. २०२१ च्या सुमारास ‘जिया टॅन’ या नावानं कुणीतरी मदतीला आलं. दोन-अडीच वर्षं इमानेइतबारे काम केलं, दुरुस्त्या केल्या, विश्वास कमावला. हळूहळू प्रकल्पाच्या नव्या आवृत्त्या काढायचा अधिकार त्याच्या हाती आला आणि फेब्रुवारी २०२४ मधल्या आवृत्तीत त्यानं चोरदरवाजा बसवला. ती आवृत्ती लिनक्स या खुल्या प्रणालीवर चालणाऱ्या जगभरातल्या सर्व्हरांवर पोचण्याच्या बेतात होती. तेवढ्यात आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, तो वेगळ्याच कामात असताना, दिसलं की आपल्या संगणकावर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण चहाचा घोट घेतला असता. तो माणूस कारण शोधत शोधत एक्सझेडपर्यंत पोचला आणि २९ मार्चला त्यानं ते जगजाहीर केलं.

या घटनेचा अर्थ दोन्हीकडून लावला जातो. खुल्या प्रकल्पात घुसखोरी किती सोपी आहे, असं काही म्हणतात. मला दुसरी बाजू जास्त पटते : फ्रॉइंडला मुळापर्यंत जाता आलं ते सगळं खुलं होतं म्हणून. बंदिस्त सॉफ्टवेअर असतं तर त्यानं तक्रार नोंदवली असती आणि ‘संगणक एकदा बंद करून चालू करा’ असं उत्तर आलं असतं.

त्यातला एक बारकावा मात्र तुम्ही लक्षात ठेवा. चोरदरवाजा चालू करणारा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हता. तो फक्त वाटण्यासाठी बांधलेल्या फायलीत होता. म्हणजे कोड खुला आहे एवढं पुरत नाही, तुमच्या फोनमध्ये आलेलं ॲप त्याच कोडपासून बनलंय का, हेही बघावं लागतं. ‘एफ-ड्रॉइड’ हे खुल्या ॲपचं भांडार म्हणूनच बहुतेक ॲप स्वतः मूळ कोडपासून बांधून देतं. काही प्रकल्प त्याहून पुढे जातात : कुणीही तोच कोड घेऊन ॲप बांधलं तर शेवटच्या अक्षरापर्यंत तेच ॲप मिळालं पाहिजे, अशी व्यवस्था करतात. सिग्नलच्या अँड्रॉइड ॲपला ही ताडणी करता येते.

टेलिग्रामचं नाव भाच्यानं घेतलं असेल तर एवढं सांगा : त्याचं फोनमधलं ॲप खुलं आहे, पण नेहमीच्या गप्पा त्यांच्या सर्व्हरवर राहतात आणि तो सर्व्हर बंदिस्त आहे.

प्रश्न : मी नाशिकची निवृत्त शिक्षिका. मुलगी न्यू जर्सीत, सोसायटीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, सगळं व्हॉट्सॲपवर. सगळंच बदलायचं म्हटलं तर मी एकटी पडेन. काय आधी बदलू?

सगळं एका रविवारी बदलायला निघालेली माणसं पुढच्या रविवारी जुन्यावर परत आलेली असतात. म्हणून ज्यासाठी दुसऱ्या कुणालाही विचारावं लागत नाही, ते आधी बदला. व्हॉट्सॲप सगळ्यात शेवटी.

पहिला ब्राउझर. क्रोमच्या जागी फायरफॉक्स घ्या. त्याच्या सूचना मराठीतही मिळतात, आणि फोनवरच्या फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जोडॲप बसवता येतं. पानावरच्या जाहिराती आणि त्यांच्याबरोबर येणारे पाळत ठेवणारे तुकडे ते रोखतं. रेमंड हिल यांनी ते लिहिलंय आणि ते त्यासाठी देणगीसुद्धा घेत नाहीत. क्रोमनं जोडॲपचे नियम बदलल्यामुळे यूब्लॉकची पूर्ण आवृत्ती आता तिथे चालत नाही, फक्त ‘लाइट’ उरली आहे. जाहिरातींवर पोट असलेल्या कंपनीच्या ब्राउझरमध्ये हे घडलं याचं नवल वाटायचं कारण नाही. मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं यूब्लॉक लावून उघडा, एकदम वाचण्याजोगी होतात. फक्त एक करा : जे वर्तमानपत्र रोज वाचता, त्याची वर्गणी भरा किंवा त्याच्या पानावर यूब्लॉक बंद ठेवा. त्यांचाही संसार त्या जाहिरातींवर आहे.

‘इनकॉग्निटो’ खिडकी उघडली की आपण अदृश्य होतो, असा सार्वत्रिक समज आहे. ती लपवते ते फक्त त्याच फोनवरच्या दुसऱ्या माणसापासून. याच समजावरून अमेरिकेत गुगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत कंपनीनं अशा ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

दुसरा कीबोर्ड. याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला ही सगळ्यात मोठी फट वाटते. निरोप कितीही झाकलेला असो, तो झाकला जाण्याआधी अक्षर-अक्षर कीबोर्डमधून जातो. मुलीला लिहिलेलं, डॉक्टरांना लिहिलेलं, पासवर्ड, सगळं. जाहिरातींसह येणारे, कुणी बनवलेत ते धड कळत नाही असे फुकट मराठी कीबोर्ड लोक बिनदिक्कत टाकतात. ‘हेलीबोर्ड’ नावाचा खुला कीबोर्ड आहे, त्याला इंटरनेटची परवानगीच नाही. म्हणजे त्यानं ठरवलं तरी काही बाहेर पाठवता येणार नाही. केरळमधल्या ‘स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग’ या मंडळींचा ‘इंडिक कीबोर्ड’ही खुला आहे आणि त्यात मराठी आहे. तोटाही सांगतो : गुगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करायची जी सवय लागते, ती इथे सोडावी लागते. बोटं दुखत असतील तर हा तोटा लहान नाही. मग कीबोर्ड राहू द्या, पण निदान तो नामांकित कंपनीचा असू द्या.

पासवर्डसाठी बिटवॉर्डन, किंवा सगळं स्वतःच्या संगणकावरच हवं असेल तर कीपास-एक्ससी. तोवर घरातल्या वहीत लिहिलेले पासवर्ड काही वाईट नाहीत. फोनच्या गॅलरीत वहीच्या त्या पानाचा फोटो असणं वाईट.

सह्याद्रीत भटकंती करत असाल तर नकाशा ‘ऑरगॅनिक मॅप्स’चा घ्या. तो २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपन-स्ट्रीट-मॅपवर चालतो, रेंज नसली तरी चालतो, आणि तुम्ही कुठे आहात हे कुणाला कळवत नाही. नाशिक शहरात मात्र घराचा पत्ता शोधायला आणि रस्त्यावरची गर्दी बघायला तो लंगडा पडतो.

आता व्हॉट्सॲप. त्यातला मजकूर २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शननं झाकलेला असतो, आणि गंमत म्हणजे ते तंत्र सिग्नलवाल्यांचंच आहे. तुम्ही मुलीला काय लिहिलंत हे कंपनीला वाचता येत नाही. तुम्ही कुणाशी, केव्हा, किती वेळा बोलता, कोणत्या ग्रुपांत आहात, फोनमध्ये कुणाकुणाचे नंबर आहेत, हे सगळं त्या झाकणाबाहेर राहतं. जानेवारी २०२१ मध्ये धोरण बदलाची सूचना आली तेव्हा लोक सिग्नलकडे धावले ते याच शंकेनं. त्या धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटाला (पूर्वीची फेसबुक) २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला आणि प्रकरण अपिलात गेलं.

आणखी एक भोक लोक विसरतात, ते म्हणजे बॅकअप. गुगल ड्राइव्हवर जाणारी गप्पांची प्रत अनेक वर्षं झाकलेली नसायची. २०२१ पासून ती पासवर्डनं झाकायची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. २०२० मध्ये मुंबईत चित्रपटसृष्टीतल्या मंडळींच्या जुन्या गप्पा टीव्हीवर झळकल्या, तेव्हा ‘व्हॉट्सॲप सुरक्षित आहे म्हणे’ असं लोक एकमेकांना विचारत होते. निरोप वाटेत सुरक्षित असतो. पोचल्यावर तो फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये साठून राहतो, आणि ज्याच्या हाती ते लागतं त्याला तो वाचता येतो. सेटिंगमध्ये गप्पांच्या बॅकअपखाली एन्क्रिप्शनचा पर्याय आहे. तो आजच चालू करा, आणि त्याचा पासवर्ड मात्र विसरू नका. विसरलात तर जुन्या गप्पा कंपनीलाही परत मिळवून देता येत नाहीत.

मग सिग्नल. फक्त मुलीला सांगा. तुमच्या दोघींच्या व्हिडिओ कॉलला आणि घरातल्या पैशापाण्याच्या, दुखण्याखुपण्याच्या बोलण्याला ते वापरा. भिशीचा ग्रुप असेल तिथे असू दे, ‘सुप्रभात’चे गुलाब काही गोपनीय नसतात. सिग्नलला खातं उघडताना फोन नंबर लागतोच; फेब्रुवारी २०२४ पासून तो इतरांपासून लपवून नुसत्या नावानं बोलता येतं.

आणि फोनमध्येच हेर शिरला तर सिग्नलही काही करू शकत नाही. २०१९ मध्ये पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरनं सुमारे १४०० जणांचे फोन लक्ष्य केल्याचं व्हॉट्सॲपनंच सांगितलं होतं. तसा हल्ला महागडा असतो आणि निवडक माणसांवर होतो. त्यात पडद्यावर दिसणारं सगळंच दुसऱ्याला दिसतं, ॲप कोणतं का असेना.

प्रश्न : हे सगळं फुकट. फुकटात कुणी काही देत नाही असं आमचे वडील सांगायचे. मग या लोकांचं चालतं कशावर?

वडिलांचं बरोबर आहे, खर्च कुणीतरी करतंच. सिग्नलनं २०२३ मध्ये आपला हिशेब मांडला तेव्हा त्यात एक नोंद अशी होती, की नव्या खात्याच्या पडताळणीचे एसएमएस पाठवायलाच वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर जातात. तो पैसा देणग्यांतून येतो. सुरुवातीला, २०१८ मध्ये, ब्रायन ॲक्टन यांनी ५ कोटी डॉलर घातले. हे ॲक्टन म्हणजे व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी एक. फेसबुकला व्हॉट्सॲप विकून झाल्यावर काही वर्षांनी ते तिथून बाहेर पडले होते.

फायरफॉक्सची तऱ्हा अधिक विचित्र. त्यांच्या उत्पन्नातला बहुतांश पैसा गुगल देतं, शोधपेटीत सुरुवातीला गुगल असावं म्हणून. ज्याच्यापासून सुटायला आपण फायरफॉक्स घेतो, त्याच्याच पैशावर ते उभं आहे. मला हे आवडत नाही, पण सध्या त्याहून बरा, इतका मोठा दुसरा खुला ब्राउझर मला दिसत नाही. क्रोमचा पाया असलेला ‘क्रोमियम’ही खुला आहेच, पण त्याच्या दिशेचा लगाम गुगलच्या हातात आहे.

लिनक्सवर मोठमोठ्या कंपन्यांचे अभियंते पगारावर काम करतात, कारण त्या कंपन्यांचे सर्व्हर त्यावरच चालतात. उरलेलं बरंचसं खरोखरच हौसेवर आणि थकव्यावर चालतं, एक्सझेडसारखं. जे वापरता त्याला वर्षाकाठी शे-दोनशे रुपये पाठवा. मराठी भाषांतरात मदत केली तरी ते तेवढंच मोलाचं आहे. मराठी सूचना अर्धवट सोडलेले कितीतरी प्रकल्प पडून आहेत.

प्रश्न : लातूरला माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. संगणक विंडोज १० वरचा, नवीन विंडोज त्यावर चढत नाही. लिनक्स टाकलं तर मराठी टायपिंगचं काय होईल?

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, त्यामुळे प्रश्न वेळेवर विचारलात. युनिकोड मराठी लिनक्सवर उत्तम चालते. ‘लिनक्स मिंट’ टाकलं की सेटिंगमधून मराठी कीबोर्ड जोडायचा, इन्स्क्रिप्ट तयारच असतं. अडचण दुसरीकडे आहे. श्रीलिपी किंवा आयएसएमची टायपिंगची सॉफ्टवेअरं विंडोजसाठी बनलेली आहेत, आणि लग्नपत्रिका, फ्लेक्स तुम्ही बहुधा कोरल-ड्रॉमध्ये करत असाल. कोरल लिनक्सवर येत नाही. ‘इंकस्केप’ आणि ‘स्क्रायबस’ चांगले आहेत, देवनागरीही नीट मांडतात, पण मे महिन्याच्या लगीनसराईत नवं सॉफ्टवेअर शिकायला बसू नका. ई-निविदा किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचं डोंगल लावत असाल तर तेही लिनक्सवर त्रास देतं.

म्हणून माझा सल्ला असा : दोन संगणक असतील तर कोरलचा विंडोजवर ठेवा आणि त्याचं इंटरनेट काढा. मेल, व्हॉट्सॲप वेब, फॉर्म भरणं हे सगळं दुसऱ्यावर, लिनक्सवर. एकच असेल तर आधी मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन तिथूनच चालवून बघा. हार्ड डिस्कवरचं काही न पुसता आठवडाभर काम करून बघता येतं, प्रिंटर आणि स्कॅनर चालतात का तेही कळतं. वर्डच्या फायली लिब्रे-ऑफिसमध्ये उघडतील. तक्ते थोडे इकडेतिकडे सरकतात, तेवढं धरून चाला.

पण तुमच्या दुकानात खासगीपणाचा खरा प्रश्न विंडोज की लिनक्स हा नाही. तुमच्या संगणकाच्या ‘डाउनलोड्स’मध्ये या घडीला किती लोकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, सातबारे, शाळेचे दाखले पडले आहेत ते एकदा उघडून बघा. गिऱ्हाईक येतं, तुमच्या संगणकावर आपलं व्हॉट्सॲप वेब उघडतं, प्रिंट घेतं आणि लॉगआउट न करता निघून जातं. पुढचं गिऱ्हाईक तिथेच बसतं. जगातलं कुठलंही खुलं सॉफ्टवेअर यावर उपाय नाही. प्रिंटच्या कामासाठी ब्राउझरची खासगी खिडकी वापरा (इथे ती खरंच उपयोगाची, बंद केली की गिऱ्हाइकाचं लॉगिन जातं), रोज दुकान बंद करताना तो फोल्डर रिकामा करा, कचराकुंडीसकट. ज्यांना फक्त ओळख पटवायला आधार द्यायचंय, त्यांना आधारच्या संकेतस्थळावरून पहिले आठ अंक झाकलेली प्रत काढून द्या. ती सोय तिथेच आहे. आणि मिंट कायमचं टाकायचं ठरवलंत तर त्या वेळी डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय येतो, तो निवडा. उद्या संगणक चोरीला गेला तर अर्ध्या गल्लीची कागदपत्रं त्याच्याबरोबर जाणार नाहीत.

प्रश्न : परदेशी ॲपपेक्षा स्वदेशी ॲप घेतलं की माहिती सुरक्षित, हे बरोबर ना?

माहिती देशात राहण्याचे फायदे आहेत, पण स्वदेशी असणं आणि तपासता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. ‘आरोग्य सेतू’ आठवा. एप्रिल २०२० मध्ये ते आलं, टीका झाली, २६ मेला सरकारनं त्याच्या अँड्रॉइड ॲपचा कोड खुला केला. हे चांगलंच झालं. पण तेव्हा खुला झाला तो फोनमधला भाग. माहिती जिथे जाऊन पडत होती त्या सर्व्हरचा नव्हता, आणि लोकांचा मुख्य प्रश्न तर तोच होता. कोणत्याही ॲपला, मग ते चेन्नईचं असो की कॅलिफोर्नियाचं, विचारायचं हेच : फोनमधून बाहेर काय जातं, ते झाकून जातं का, आणि हे तुमच्याशिवाय आणखी कुणाला बघता येतं का?

कायद्याचा आधारही थोडा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झाला. त्यात केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे, तेव्हा स्वदेशीच्या भरवशावर निर्धास्त होऊ नका.

प्रश्न : यूपीआयला ओपन सोर्स पर्याय आहे का?

नाही. बँकांची आणि यूपीआयची ॲप बंदिस्तच आहेत. गुगल पूर्ण काढून टाकलेल्या फोनवर त्यातली बरीचशी उघडायलाच नकार देतात, म्हणून तसा फोन करायच्या आधी आपल्या बँकेचं ॲप त्यावर चालतं का ते विचारून घ्या. पैशांसाठी एकच ॲप ठेवा, ऑफर आणि कॅशबॅकची बाकीची काढा. एसएमएसची परवानगी त्याला नोंदणीसाठी लागते. संपर्कयादीची बहुधा लागत नाही : क्यूआर स्कॅन करून किंवा नंबर हातानं टाकून पैसे जातात. साध्या बटणांच्या फोनवर *९९# डायल करून इंटरनेटशिवायही यूपीआय चालतं, फक्त मेन्यूत चारदा आकडे दाबत बसावं लागतं.